मुलांना रंग येत नाहीत

आमच्या केंद्रातल्या मुलांना लाल रंग अकरा वेळा शिकवून झाला आहे. अकरा वेगवेगळ्या माणसांनी तो शिकवला, सगळी साता समुद्रापलीकडून आलेली, आणि पहिली खेप सोडली तर दरवेळी मुलांनी तो पहिल्यांदाच पाहत असल्यासारखा शिकून दाखवला. यात मुलांचा काडीचाही दोष नाही. दोष माझा आहे. तो मी इथे कबूल करणार आहे, पण वाचणाऱ्यांची माफी मागणार नाही. ज्यांची मागायची होती त्यांची मागून झाली.

आमचं गाव अड्याळपासून फार लांब नाही. गावाच्या कडेला, धानाच्या शेतांना लागून, एका संस्थेचं बालकेंद्र आहे. तीन खोल्या, पुढे पडवी, मागे बोअरिंग. मी तिथली ताई. शाळेच्या आधी आणि शाळा सुटल्यावर मुलं आमच्याकडे असतात. वेण्या घालणं, उवा काढणं, खिचडी शिजवणं, पाढे म्हणून घेणं आणि मारामाऱ्या सोडवणं, हे सगळं माझ्याकडे. रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे धानाची लावणी चालू असते तेव्हा, गावातल्या बाया उजाडताच चिखलात उतरतात त्या दिवेलागणीला बाहेर येतात. तेवढे दिवस शाळेचे तास सोडले तर मुलं पूर्णपणे माझ्या गळ्यात.

परदेशातल्या कॉलेजांना सुट्ट्या लागतात त्याही नेमक्या याच दिवसांत. त्यामुळे दरवर्षी रोवणा आणि पाहुणे आमच्याकडे एकदमच येतात. एका हंगामात दोघं-तिघं, एकामागून एक; कोणी तीन आठवडे राहतं, कोणी चार. मुलांना शिकवायचं, त्यांची काळजी घ्यायची, आणि परत जायचं. संस्थेने त्यांच्यासाठी एक रंगीत पत्रक छापलं आहे. त्यात आमच्या मुलांचा फोटो आहे आणि खाली इंग्रजीत लिहिलंय की या लेकरांना मायेनं जवळ घेणारं कोणी नाही. फोटोत मागे धानाची बांधी दिसते, आणि बांधीतल्या चिखलात वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, लावणारी एक बाई. पुढे उभ्या असलेल्या मुलीची ती आई. मी तिला पत्रक दाखवलं तेव्हा ती मजेने म्हणाली, "माही पाठ चांगली आली न वो फोटोत!" खाली काय लिहिलंय ते मी तिला वाचून दाखवलं नाही. तेव्हा मी बरंच काही लोकांना वाचून दाखवत नसे.

पहिली पाहुणी आली त्या वर्षी एक प्रकार घडला. ती कॉलेजातली मुलगी होती. घरून निघण्याआधी महिनाभर बसून तिने स्वतःच्या हाताने रंगांची कार्डं केली होती, कडेला छोटी छोटी फुलं काढून. पहिल्या दिवशी पडवीत मुलांना बसवून तिने लाल कार्ड वर केलं, आणि मुलं एका सुरात ओरडली, "रेड!" मग तिने पुढची कार्डं काढायच्या आधीच मुलं गठ्ठ्याकडे बोट दाखवून पिवळा, निळा, हिरवा, काळा, सगळं इंग्रजीत म्हणून मोकळी झाली. त्यांच्या शाळेच्या गुरुजींनी ते कधीच घोटून घेतलं होतं. दहा मिनिटांत तीन आठवड्यांचा अभ्यास संपला. त्या पोरीने गठ्ठ्याला रबर लावलं आणि बोअरिंगच्या मागे जाऊन उभी राहिली. रडत होती.

मला फार वाईट वाटलं. लाज वाटली म्हणा. मी विणकराच्या घरातली, घरात माग आणि माणसं दोन्ही सारखीच दाटीने. पण आमच्या आईची एक रीत होती. पाहुणा लाखोळीची डाळ घेऊन आला की आतल्या खोलीत पोतंभर डाळ असली तरी ती म्हणायची, "बरं झालं बाई, आमची संपलीच होती." घरात आहे म्हणून सांगितलं तर आणणाऱ्याचा हात खाली पडतो, असं तिचं म्हणणं. हे मला इतकं अंगवळणी पडलेलं होतं की दुसऱ्या दिवशी सकाळी मी सगळ्या मुलांना गोळा केलं आणि दम भरला.

"पाहुनी एवढ्या लांबून काही घेऊन आली, अन् तुम्ही तिच्या तोंडावर सांगता, आमच्या घरी आहे? हे शिकवलं काय तुम्हाले घरी?"

मुलांना ते ताबडतोब कळलं. त्यांच्याही घरी डाळ येतेच.

पुढच्या पाहुण्यापासून आमच्या मुलांना रंग येईनासे झाले. पाहुणा कार्ड वर करायचा आणि पडवीभर मख्ख चेहरे. मग हळूहळू, एकेका दिवसाने, एकेक रंग उजळत जायचा. शेवटच्या आठवड्यात सगळे सातही रंग यायचे, टाळ्या व्हायच्या, पाहुण्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं आणि फोटो निघायचा. मी आत खिचडी ढवळत हसत असे. मला वाटायचं, केवढी समजूतदार लेकरं माझी!

यात सगळ्यांत तयार होती ती पत्रकाच्या फोटोत पुढे उभी असलेली मुलगी. दुसरीत होती तेव्हाच ती सगळ्यांची मास्तरीण झाली. कोणाला कोणता रंग कधी येईल ते तीच ठरवायची. "तुले आज निळा येत नाही. परवा येईन," असं ती एखाद्या बारक्याला बजावून सांगायची. एका उतावळ्या पोराने पहिल्याच दिवशी हिरवा सांगून टाकला तर त्याला तिने बाहेर नेऊन झापलं, "सगळ्यायले एकदम आलं तर दीदीले काम काय उरते?" स्वतःला ती कायम शेवटी ठेवायची. तिला सगळ्यांत उशिरा यायचं, म्हणून पाहुणे तिच्याजवळ सगळ्यांत जास्त बसायचे. आणि जवळ बसून ते जे आपसात बोलायचे, फोनवर घरी सांगायचे, ते सगळं ती कानात भरून घ्यायची. पाचवीत येईपर्यंत त्या पोरीला जेवढं इंग्रजी येत होतं तेवढं आमच्या तालुक्यातल्या पुष्कळ मोठ्यांना येत नसेल. हे फक्त मला माहीत होतं, आणि मला त्याचं कौतुक होतं. नुसतं कौतुक.

यावर्षी अकरावी पाहुणी आली. उन्हाने लाल झालेली, डासांनी फोडून काढलेली, पण काम करणारी. एका लहानग्याला हगवण लागली तर त्याचे कपडे तिने बोअरिंगवर स्वतः धुतले, नाक न मुरडता. मी नको नको म्हणत होते तरी ऐकलं नाही. माणूस चांगला निघाला की रागवायची पंचाईत होते. तशी माझी झाली.

त्याच सुमारास संस्थेच्या साहेबांच्या डोक्यात एक कल्पना आली. पाचवीतल्या मुलांसाठी सरकारी निवासी शाळेची प्रवेश परीक्षा असते. लागलं तर बारावीपर्यंत राहणं, जेवण, शिक्षण, सगळं तिकडेच. संधी एकदाच, पाचवीत असतानाच. आमच्याकडे पाचवीची पाच मुलं होती. साहेबांनी ठरवलं की त्यातल्या दोघांचे अर्ज संस्था भरेल आणि त्यांची शिकवणी घेईल. कोणते दोन, ते पाहुणी ठरवेल. बाहेरचा माणूस, म्हणजे कोणाच्या ओळखीपाळखीचा प्रश्न नाही. त्यांनी तिच्याकडे तपासणीचे कागद पाठवले. मला विचारलं नाही. तिनेही मुलांना दडपण नको म्हणून खेळ आहे असं सांगितलं आणि चिंचेखाली एकेकाला बसवून तो खेळ खेळली.

आमच्या मास्तरणीने पाहुणीसमोर जे नेहमी करायचं तेच केलं. तांबडा त्रिकोण उचल म्हटलं तर पिवळा गोल उचलला. वीसपर्यंत मोजून अडकली आणि मोठ्ठे डोळे करून पाहुणीकडे पाहत बसली, म्हणजे तिला पुढचं सांगायला मिळावं.

यादी पडवीच्या भिंतीवर लागली. त्यात हिचं नाव नव्हतं. निवासी शाळेत जायचं म्हणून ती उन्हाळाभर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवत होती, आईने तर पेटीसुद्धा पाहून ठेवली होती. तिने यादी दोनदा वाचली. मग सतरंज्या गोळा करायला लागली, तिची पाळी नव्हती तरी. मी जवळ गेले तर घडी घालता घालता, माझ्याकडे न पाहता म्हणाली, "ताई, मी जास्त केलं काय?"

"तू नाही केलं बाई," मी म्हटलं. "मी केलं. चुकलं माझं." तिने पुढची सतरंजी उचलली.

दोन दिवसांनी साहेब गाडीने आले, पाहुणीला प्रमाणपत्र द्यायला. मी चहा ठेवला आणि तिथेच उभी राहिले.

"साहेब, यादी चुकली आहे जी."

त्यांनी फाइल काढून माझ्यापुढे धरली. "हे पाहा. रंग येत नाहीत, आकार येत नाहीत, वीसच्या पुढं मदत लागते. खाली पाहुणीची सही आहे. यात मी काय चुकवलं?"

"ती पोरगी पेपर वाचते जी. अपूर्णांक करते."

"मग इथं काहून नाही दिसत?"

मी सगळं सांगितलं. पहिल्या पाहुणीपासून, आईच्या डाळीपासून. साहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. मला वाटलं होतं त्यांना हसू येईल, निदान दया येईल. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"म्हणजे तुम्ही दहा लोकांना उल्लू बनवलं? हे बाहेर गेलं तर इथं कोण येईन? कोणाले शिकवाले येईन?"

"उल्लू नाही बनवलं जी. पाहुणचार केला."

"ते काही असो. अहवाल पुढं गेला. आता यातला एक शब्द बदलला तर सगळेच अहवाल खोटे ठरतात, समजलं का तुम्हाले? पुढच्या वर्षी पाहू."

"पुढच्या वर्षी ती सहावीत जाईन जी."

"मग दुसरी कोणी पाहू." आणि उठता उठता, हळू आवाजात, "तुम्हाले इथं काम करायचं आहे ना?"

"करायचं आहे," मी म्हटलं. "म्हणून तर बोलून राहिली."

एवढी वर्षं त्या माणसासमोर मान खाली घालून हो जी, हो जी केलेलं, आणि त्या दिवशी जीभ कुठून सुटली देव जाणे. बरं वाटलं. फार बरं वाटलं.

गाडी गेल्यावर मी मुलीचा हात धरला आणि पाहुणीच्या खोलीत नेलं. "सांग तिले," मी म्हटलं. "सगळं सांग. जसं येते तसं." मुलगी क्षणभर चाचपडली. मग तिच्या तोंडून इंग्रजी सुरू झालं ते थांबेना. मला निम्मंअर्धं कळत होतं. उरलेलं पाहुणीच्या चेहऱ्यावर दिसत होतं. पलंगावरच्या बॅगेत कपडे भरता भरता ती मध्येच खाली बसली. तिने विचारलं, रंग कधीपासून येतात? मुलीने सांगितलं, तुम्ही यायच्या आधीपासून, सगळ्यांच्याच आधीपासून. मग तिने विचारलं, तुम्ही सगळे मला हसत होतात का?

"नो," मुलगी म्हणाली, आणि पुढचं इतकं सोपं होतं की मलाही कळलं. तुम्हाला आनंद होत होता, म्हणून.

पाहुणीने दार लावून घेतलं. चहाला बाहेर आली नाही. सकाळी सुजल्या डोळ्यांनी आली आणि माझ्या हातात एक चिठ्ठी दिली. माझी तपासणी चुकीची होती, ही मुलगी केंद्रातल्या सगळ्यांत हुशार मुलांपैकी आहे, असं त्यात होतं. मुलीने मला वाचून दाखवलं, लाजत लाजत. पाहुणी अजून काहीतरी बोलत होती. तिने घरी सांगितलं होतं म्हणे, की माझ्यामुळे इथे कोणीतरी काहीतरी शिकलं. आता घरी जाऊन काय सांगू?

एरवी मी तिला जवळ घेतलं असतं, शिकलीच ना बाई पोरं तुझ्याकडून, असं काहीतरी बोलले असते. नाही बोलले. माझ्या समोर दहा वर्षांची पोर उभी होती जिची शाळा जाणार होती, आणि मी पुन्हा पाहुण्याचेच डोळे पुसायचे? तिचे तिने पुसले. निघताना मात्र तिने त्या मुलीला मोठ्या माणसासारखा हात दिला, फोटो काढला नाही. तेवढं मी तिच्या खात्यात चांगलं म्हणून लिहीन.

चिठ्ठीचं मी साहेबांना फोनवर सांगितलं. भावनेच्या भरात लिहिली असेल, म्हणाले. यादी तीच राहिली.

मग मी गावातल्या ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या दुकानात गेले. नुसतं विचारायला, की संस्थेशिवाय अर्ज भरताच येत नाही का? दुकानवाल्याने पडदा माझ्याकडे वळवला आणि वरून खाली बोट फिरवलं. मुलाचं नाव, पालकाची सही, हेडमास्तरांची सही. "यात संस्थेचा रकानाच नाही जी," तो म्हणाला. इतकी वर्षं गावात सगळे समजून चालले होते की असले कागद साहेबांच्या हातूनच वर जातात. मीही तशीच समजत होते, शिकलेली असून. अर्जाचा कागद छापून घेऊन दुकानातून बाहेर पडताना मी स्वतःलाच दोन शिव्या हासडल्या.

तडक शेतात गेले. मुलीची आई पोटरीभर चिखलात, हातात परे, बायांच्या रांगेत वाकलेली. मी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरूनच, तिला हाक मारली आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. वाटलं होतं की ती साहेबांना शिव्या घालील, आपण दोघी मिळून घालू. तिने कंबर सरळ केली आणि माझ्याकडे पाहिलं.

"तू माह्या पोरीले अडानी बनाले शिकवलं?"

"चुकलं वो बाई माझं."

"मी तिले तुह्याकडं कायले पाठवतो? लोकायसमोर चूप बसाले? चूप बसनं त मीच शिकवलं असतं घरी. त्याले ताई कायले लागते?"

बाकीच्या बाया वाकल्या होत्या त्या तशाच थांबल्या. आईची रीत, पाहुण्याचा मान, सगळं मला तिथे चिखलात टाकून द्यावंसं वाटलं. डाळ पोत्यात लपवली तर उद्या शिजवता येते. पोरीची अक्कल मी लपवत होते, आणि तिला वाढायला वर्षं मोजकीच होती.

तिने बांधीतल्याच पाण्यात हात धुतले. "चाल," म्हणाली. "कुठं सही पायजे?" शेजारची बाई मागून ओरडली की तुही पात, तुह्या वाट्याची ओळ, आम्ही धरतो, तू जाय.

शाळेत हेडमास्तर नवीन होते, साकोलीकडून बदली होऊन महिनाच झालेला. त्यांना मुलांची नावंही पुरती पाठ नव्हती. मुलीला वर्गातून सोबत घेऊन आम्ही तिघी त्यांच्या दारात उभ्या राहिलो; आईचे पाय चिखलाचे, म्हणून ती उंबऱ्याबाहेरच थांबली. मी अर्ज आणि पाहुणीची चिठ्ठी पुढे केली. सरांनी दोन्ही वाचलं, मग टेबलावरच्या कागदांतून संस्थेचा अहवाल काढला.

"अहवालात हिले रंगही येत नाहीत, अन् चिठ्ठीत ही सगळ्यांत हुशार; सही दोन्हीवर एकाच बाईची," ते म्हणाले. "मी सही करीन, मले काही नाही. पण उद्या कोणी विचारलं, तर मी काय पाहून केली म्हणून सांगू?"

माणूस वाईट नव्हता. सरळ प्रश्न होता. त्यांनी कपाटातून आठवीचं इंग्रजीचं पुस्तक काढलं, मधलंच एक पान उघडलं आणि मुलीसमोर ठेवलं. "वाच बेटा. जेवढं येते तेवढं."

मुलीने पुस्तकाकडे पाहिलं. मग सरांकडे पाहिलं. नवीन माणूस, बाहेरगावचा, समोर चहाचा कप, आणि शिकवायला आलेला. तिचा चेहरा माझ्या डोळ्यांदेखत मख्ख व्हायला लागला, वर्षानुवर्षं मी शिकवला होता तसा. ती माझ्याकडे वळली आणि अगदी हळू, सरांना ऐकू जाऊ नये अशा बेताने तिने विचारलं,

"ताई, सर पाहुणे आहेत काय?"

मी दाराशीच उभी होते; बाहेर तिच्या आईलाही ते ऐकू गेलं. दाराबाहेरून तिची आई बोलली, शेताच्या पार पलीकडे जाईल अशा आवाजात.

"कोनी पाहुना नाही वो. वाच!"

तिने वाचायला सुरुवात केली. सर आधी पुस्तकाकडे पाहत होते, मग तिच्याकडे पाहायला लागले, मग खिसे चाचपून पेन शोधायला लागले. त्यांना ते सापडेपर्यंत तिने पान उलटलं होतं.